बंद खोलीतील शेगडी आणि न दिसणारा वायू



पौष उजाडला की आपल्या जुन्नर-आंबेगावच्या थंडीला धार चढते. आहुपे-घाटघरच्या बाजूला तर दिवस मावळताच शेकोटी हवीशी वाटते. त्यातच बिबट्याचे भय. त्यामुळे संध्याकाळीच दारे-खिडक्या घट्ट लावून घेण्याची सवय आता गावोगावी जडली आहे. ती योग्यही आहे. परंतु बंद केलेल्या त्याच घरात निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तर बाहेरचा धोका टाळता टाळता आपण दुसरा धोका उशाशी घेऊन निजतो. या वेळी त्याविषयी लिहितो.

गेल्या हिवाळ्यातील प्रसंग आहे. सकाळीच एक मुलगा आपल्या सत्तरी ओलांडलेल्या आईला घेऊन दवाखान्यात आला. डोके ठणकत होते, दोन उलट्या झाल्या होत्या आणि पायांत त्राण नव्हते. पित्त असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, अशी घरच्यांची समजूत होती. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, बोटाला मशीन लावून पाहिलं, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव आहे.” मी विचारले, “घरात आणखी कुणाला त्रास होतोय का?” तेव्हा कळले की बाळंतीण सुनेचेही डोके दुखत होते आणि बाळ पहाटेपासून दूध ओढत नव्हते. आजी रात्रभर त्यांच्याच खोलीत होत्या आणि बाजेखाली शेगडी होती. तिघांनाही तातडीने रुग्णालयात पाठवून प्राणवायू लावला. सुदैवाने तिघेही सुखरूप घरी परतले. खोलीत आणखी दोन तास गेले असते तर काय झाले असते, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. कोळसा, लाकूड, गॅस किंवा डिझेल अपुऱ्या हवेत जळले की तो तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनही मेंदू आणि हृदय उपाशी राहतात. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही. वायूने व्यापलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. म्हणून अशा वेळी त्या अठ्ठ्याण्णववर विसंबू नये.

आपल्याकडे आणखी एक गैरसमज आहे. शेगडी अंगणात पेटवतात, आणि धूर सरून निखारे फुलले की ‘आता भय नाही’ म्हणून ती आत घेतात. वास्तविक धूर नसलेले लाल निखारेही हा वायू भरपूर सोडत असतात. जुन्या कौलारू घरांना झरोके होते, कौलांतून हवा खेळत असे, आणि पाण्याचा बंब बहुधा अंगणात किंवा पडवीत असे. आता स्लॅबची घरे आणि सरकत्या काचांच्या खिडक्या आल्या. बंबाची जागा न्हाणीघरातील गॅस गिझरने घेतली. घर बदलले, पण विस्तव वापरण्याची आपली रीत तीच राहिली. गिझरमुळे बंद न्हाणीघरात माणसे दगावल्याच्या बातम्या शहरांतूनही हिवाळ्यात येतात. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले होते. ते सकाळी बेशुद्ध आढळले आणि त्यांतील एकही वाचला नाही.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे. निजण्यापूर्वी शेगडी घराबाहेर ठेवावी. बाळंतिणीला शेक द्यायचा असेल, तर खिडकी उघडी ठेवून, कुणीतरी जागे असताना द्यावा आणि शेगडी लगेच बाहेर न्यावी. बिबट्याच्या भीतीने खिडकी उघडता येत नसेल, तर भिंतीत उंचावर मजबूत जाळीचा झरोका काढून घ्यावा. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. जनरेटर घरात किंवा पडवीत चालवू नये.

दुसरा उपाय म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे उपकरण. गॅसगळती किंवा धूर ओळखणारे यंत्र या कामाचे नाही. खोक्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ आणि ‘ईएन ५०२९१’ हे मानक लिहिलेले आहे का, ते पाहावे. वीज जाते म्हणून बॅटरीवर चालणारे घ्यावे. हा वायू साधारण हवेच्याच वजनाचा असल्याने तो खोलीभर पसरतो. म्हणून झोपण्याच्या खोलीत, पलंगावरील माणसाच्या डोक्याच्या उंचीला ते लावावे. पडद्यामागे किंवा चुलीच्या अगदी वर लावू नये. महिन्यातून एकदा बटण दाबून त्याची तपासणी करावी आणि त्यावर लिहिलेली मुदत संपताच ते बदलावे. आजी-आजोबांना कमी ऐकू येत असेल, तर घरातील दुसऱ्या कुणाला तो आवाज ऐकू जातो ना, याची खात्री करावी. मात्र उपकरण आहे म्हणून शेगडी आत ठेवायची मुभा मिळाली, असे समजू नये.

त्याचा आवाज झाला, किंवा घरातील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, गुंगी आली आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर जाता जाता दार उघडे टाकून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे. वस्तूंसाठी परत आत जाऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना ‘खोलीत शेगडी होती’ हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान होते. मोकळ्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण दीड तास पुरतो.

वृद्धांची गुंगी वयावर आणि डोकेदुखी पित्तावर ढकलण्याची आपल्याला सवय आहे. या हिवाळ्यात तसे करण्याआधी एकदा विचारा, की रात्री खोलीत विस्तव होता का?