पहिले पाऊल आणि कुलूपबंद विहार

आमच्या धाकट्या लेकीने पहिले पाऊल टाकले तेव्हा मी कोर्टात होतो. एका जामीन अर्जावर पुढची तारीख घेऊन बाहेर आलो, तर मोबाईलवर पत्नीचा निरोप होता. पोरगी पलंगाची कड सोडून चार पावले चालली, धपकन बसली आणि स्वतःच टाळ्या वाजवू लागली. आवारातल्या झाडाखाली उभा राहून मी तो निरोप दोनदा वाचला. आनंद झाला, पण त्याहून जास्त ओशाळलो. कारण थोरल्याच्या वेळीही मी घरी नव्हतो. तो चालायला लागला डिसेंबर २०११ मध्ये. ६ डिसेंबरला दादरच्या इंदू मिलच्या जागेत भीमसैनिक शिरले, त्या गर्दीत मी होतो आणि नंतरही काही दिवस मुंबईतच राहिलो. नागपूरला परत आलो तेव्हा पोरगा घरभर हिंडत होता. तो नेमका कोणत्या दिवशी चालला, हे आज कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. इंदू मिलची तारीख मात्र तोंडपाठ आहे.

चळवळीतल्या बहुतेक पुरुषांचे हेच आहे. सभा, मोर्चे, निवेदने, बैठका यांत आपली लेकरे पालथी पडतात, रांगतात, उभी राहतात आणि एके दिवशी शाळेच्या दारात आपल्याला भेटतात. मधली सगळी वर्षे त्यांच्या आईने एकटीने काढलेली असतात. याचे समर्थन करायला आपल्यापाशी बाबासाहेबांचे उदाहरण तयार असते. बाबासाहेब आणि रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार दगावली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. हा त्याग आपण स्टेजवरून सांगतो आणि समोरचे लोक डोळे पुसतात. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे बिल आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहून बोलले, हे किती जण सांगतात? बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. घरात लेकरांचे मृत्यू पाहिलेला माणूस गिरणीतल्या बाईच्या लेकराचा विचार कायद्यात करत होता. आपण त्यातून घरी न थांबण्याची तेवढी सवलत घेतली.

असो. लेक आता दोन वर्षांची होत आली आहे. या वेळी मी ठरवून संध्याकाळच्या बैठका कमी केल्या, त्यामुळे काही सहकारी नाराजही आहेत. एवढ्या उशिरा बाप झाल्याचा एक फायदा असा की, माणूस घाई कमी करतो. ती चौदाव्या महिन्यात चालली तर शेजारच्या बायांना काळजी पडली होती. त्यांच्या मुलांनी म्हणे दहाव्या महिन्यातच पळायला सुरुवात केली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात एकट्याने चालण्याचा काळ साधारण आठव्या महिन्यापासून सतराव्या-अठराव्या महिन्यापर्यंत दिला आहे. एवढी मोठी मुदत आमच्या कोर्टातही सहज मिळत नाही. पण आपल्याकडे मूल चालण्याचीसुद्धा शर्यत लावली जाते.

माझी आई याबाबतीत आमच्या सगळ्यांपेक्षा शहाणी. पोरगी पडली की मी धावायचो. आई बसल्या जागेवरून म्हणायची, "पडू दे ना बाबू. उठते थे आपल्यानं." तिचे स्वतःचे लहानपण वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात गेले. ती सांगते की, त्या वेळी लेकरू चालायला लागले की घरच्यांना आनंदाआधी धास्ती वाटायची. रांगणारे लेकरू दाराच्या आत राहते. चालणारे लेकरू विहिरीकडे जाणार, कुणाच्या ओट्यावर चढणार, कुणाच्या घागरीला हात लावणार. म्हणून पाय फुटले की पहिली शिकवण कुठे जायचे नाही याची. बोलता येण्याआधी आपल्या मुलांना अंतर कळत होते. बालमानसशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हा टप्पा दिलेला नाही, पण महारवाड्यात जन्मलेल्या प्रत्येक लेकराने तो ओलांडला आहे.

नावाचेही तसेच. माझ्या आजोबांच्या आधीची दोन भावंडे तान्हेपणी दगावली, म्हणून तिसऱ्याला दगडाचे नाव दिले. दगडाला कोण नेणार, हा हिशेब. आपल्या जुन्या पिढीतले कचरू, केरू, धोंडू, दगडू हे असे हिशेबातून आलेले आहेत. काही नावे गावाने तुच्छतेने दिली आणि काही आईबापांनी भीतीपोटी ठेवली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, विशाखा, संघमित्रा आले. सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळावर नशीब लिहिते, ही समजूत आपण सोडली. माझ्या लेकीसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवून कुणी जागले नाही. तिसऱ्या आठवड्यात महापालिकेतून जन्माचा दाखला आणला, तेवढेच तिच्याबद्दल लिहिलेले. तिचे नाव इथे देत नाही. ते तिचे आहे आणि पेपरात छापायचे की नाही ते तिने मोठेपणी ठरवावे.

ती स्पष्ट बोलली तो पहिला शब्द 'आई' नव्हता, 'बाबा' तर नव्हताच. तो होता 'नाई'. जेवतेस का, नाई. झोपतेस का, नाई. पाहुण्यांना जय भीम कर, नाई. पाहुणे निघून गेल्यावर मात्र दाराकडे तोंड करून दोन्ही हात जोडून "जय बीम, जय बीम" सुरू. सुरुवातीला मला राग यायचा. एकदा हात उगारलाही गेला. पत्नी शांतपणे म्हणाली, "दिवसभर लोकांना नाही म्हणायला शिकवता, आणि घरात एकीने म्हटलं तर चालत नाही?" वकिलाकडे यावर युक्तिवाद नव्हता.

आपल्या आजोबा-पणजोबांना 'नाही' म्हणण्याची मुभा नव्हती. वेठबिगारीला बोलावणे आले की जोहार घालून जायचे. दोन वर्षांच्या पोरीच्या 'नाई' मध्ये त्या सगळ्यांचा राहून गेलेला शब्द मला ऐकू येतो. हे बापाचे कौतुक म्हणून सोडून द्या हवे तर. पण याच वयात तो शब्द चापट मारून बंद केला, तर विसाव्या वर्षी त्या मुलीने अन्यायाला नाही म्हणावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

इथे आपल्या लोकांना न आवडणारे थोडे बोलतो. १४ एप्रिल जवळ आली की वस्तीवस्तीत अडीच-तीन वर्षांच्या मुलांकडून बावीस प्रतिज्ञा घोकून घेतल्या जातात. निळा फेटा बांधून मूल स्टेजवर उभे, समोर कर्णा, मूल रडवेले, आणि बाप खालून मोबाईलवर चित्रीकरण करतो. त्या प्रतिज्ञा प्रौढ माणसांनी विचारपूर्वक घेतल्या होत्या. न कळणाऱ्याकडून पाठ म्हणवून घेणे ही तर पोथीची रीत झाली. बुद्धाने राहुलला उपदेश केला, तो परंपरेनुसार सात वर्षांचा असताना. विषय होता खोटे न बोलणे. भांड्यात थोडे पाणी ठेवले, ते दाखवले, मग सांडले, मग भांडे पालथे घातले आणि दर पायरीला राहुलला विचारले, काय दिसते? सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात हा राहुलोवाद आवर्जून ऐकायला सांगितला आहे. पाठांतर त्यात कुठेच नाही. आणखी एक गोष्ट वकील म्हणून मला फार मोलाची वाटते. राहुलला संघात घेतल्यावर शुद्धोदनाने दुःख बोलून दाखवले, तेव्हा आईवडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम बुद्धाने घालून दिला. त्या आजोबाची तक्रार ऐकून घेतली गेली.

आता मूळ मुद्दा. आमच्या गल्लीसमोर एका इमारतीचे बांधकाम चालू आहे. तिथे गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एका बाईची मुलगी माझ्या लेकीएवढीच आहे, फार तर महिनाभराने मोठी. मी रोज सकाळी लेकीला कडेवर घेऊन तिथून जातो. ती मुलगी लोखंडी खांबाला जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने कमरेत बांधलेली असते. आईला दोष देऊ नका. बाजूला पाण्याची टाकी आहे, वर सळया आहेत, आई पाटी घेऊन दुसऱ्या मजल्यावर. बांधले नाही तर लेकरू जीवाला मुकेल. पण पट्टा जेवढा लांब तेवढेच त्या मुलीचे जग. ती उभी राहते, खांबाभोवती फिरते, पट्टा गुंडाळला की बसते. माझ्या लेकीने तिला पाहून हात हलवला. तिने हलवला नाही, नुसती पाहत राहिली.

मुकादमाला मी कायदा विचारला. तो हसला आणि म्हणाला, "बाया किती हायेत साहेब? अकरा." तो बरोबर होता. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात पाळणाघराची तरतूद होती, पण पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तिथेच. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने पाळणाघर आले, तेही पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला. आता ते कायदे जाऊन संहिता आल्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच पन्नासचा आकडा आहे. अकरा बायांच्या लेकरांना कायद्याच्या नजरेत सावली नाही.

त्याहून मोठी फसवणूक राज्यघटनेच्या पातळीवर झाली आहे. मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा राज्याने दहा वर्षांत प्रयत्न करावा असे होते. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये चौदाऐवजी अकरा वर्षे करा अशी सूचना आली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मूल कामाला लावायचे नसेल तर ते शाळेतच असले पाहिजे, हे त्यांचे कारण. वरची मर्यादा त्यांनी अशी राखली. खालची मर्यादा पुढे आपल्या डोळ्यांदेखत कापली गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा सहा ते चौदा वयोगटाचा मूलभूत हक्क झाला आणि सहा वर्षांखालचे मूल राज्याच्या 'प्रयत्नां'वर सोडून दिले. आपण त्या वेळी हक्क मिळाला म्हणून पेढे वाटले. मीही खाल्ला, तेव्हा लॉ कॉलेजात होतो. चालणे, बोलणे, विचारणे हे सगळे ज्या सहा वर्षांत घडते, तीच वर्षे हक्काबाहेर राहिली, हे ध्यानात यायला मला स्वतःची पोरगी चालावी लागली.

अंगणवाडी आहे. ती २ ऑक्टोबर १९७५ पासूनच्या योजनेतून चालते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला तिथून मोफत आहार मिळण्याचा अधिकार दिला आहे. आमच्या वस्तीतल्या सेविकाताई तर स्वतः साईटवर आल्या. त्यांनी त्या मुलीच्या दंडाला फीत लावली, पिवळ्या पट्ट्यात आली, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आत. नाव नोंदवले, शिधाही दिला. पण तीन वर्षांखालचे मूल दिवसभर सांभाळण्याची सोय त्यांच्याकडे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या कामात, मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची असे ठरवले होते. बांधकामावरच्या मुलीला तर अंगणही नाही.

तिथून दीडशे पावलांवर आमचे बुद्धविहार आहे. फरशी स्वच्छ, पंखे, नळ, संडास, चारी बाजूंनी भिंत. सकाळच्या वंदनेनंतर कुलूप लागते ते संध्याकाळी उघडते. मी विहार समितीपुढे अर्ज ठेवला की, सकाळी नऊ ते पाच हा हॉल दोन-अडीच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी द्यावा, वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बायांची आणि समोरच्या साईटवरची मिळून दहा-बारा मुले असतील.

बैठकीत जे ऐकले ते लिहिताना हात जड होतो. एक ज्येष्ठ म्हणाले, "वकीलसाहेब, पोट्टे घाण करतील. विहाराचं पावित्र्य आहे." दुसऱ्याने विचारले, "साईटवरचे तर आपले बी नाहीत, मंग आपण काऊन पाहायचे?" पावित्र्य! ज्यांच्या बापजाद्यांना याच शब्दाने देवळाच्या, विहिरीच्या, शाळेच्या बाहेर ठेवले, त्यांच्या तोंडून एका लुगड्याने बांधलेल्या लेकरासाठी हा शब्द निघावा? याच हॉलमध्ये पोलिओचे बूथ लागते, तेव्हा रडणारी, शी करणारी पोरे येतात आणि आपण फोटो काढतो. लग्नासाठी हॉल भाड्याने देतो, तेव्हा खरकट्या पत्रावळी उचलायला दोन दिवस लागतात. तेव्हा पावित्र्य आडवे येत नाही.

पण रागावून चालणार नाही, कारण त्यांच्या काही शंका खऱ्या आहेत. मूल पडले, भाजले तर जबाबदार कोण? सांभाळणाऱ्या बाईला महिना कोण देणार? यावर मी लेखी उत्तर दिले आहे. पालकांची संमतिपत्रे, दोन पगारी बाया, लागून असलेल्या दवाखान्याशी बोलणी, आणि पहिल्या सहा महिन्यांचा खर्च जयंतीच्या डीजेचा खर्च कमी करून. शेवटच्या मुद्द्यावर तरुण मंडळी उठून गेली, हे खरे. पण कोपऱ्यात बसलेली महिला मंडळाची एक आजी तेव्हा बोलली, "तुम्ही का मोठेच जन्मले व्हते का बाप्पा?" यावर कोणी बोलले नाही. निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला.

माझ्या आईने सांगून ठेवले आहे की, एक बाई मिळेपर्यंत ती स्वतः बसेल. तिने ट्रंकेतल्या दोन सतरंज्या धुऊन वाळत घातल्या आहेत. लेक त्यांच्याखालून लपंडाव खेळते आहे आणि बाहेर ये म्हटले की 'नाई' म्हणते. रविवारी अकरा वाजता बैठक आहे. समितीच्या सभासदांनी वेळेवर यावे.