कारल्याचा वेल कोणासाठी?

"तुमच्यापैकी कोणाकोणाला कारले आवडते? हात वर करा," असे मी वर्गात विचारतो, तेव्हा पन्नास मुलांमधून दोन-तीन हात वर येतात. तेही अर्धेच. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, "तुमच्या अंगणात किंवा गच्चीवर एका डब्यापुरती जागा असेल, तर तिथे काय लावाल?" टोमॅटो, मिरची, पुदिना, कोथिंबीर अशी नावे येतात. कारल्याचे नाव कोणीही घेत नाही. जे आपल्याला खायचे नाही ते लावायचे कशाला, असे मुलांना वाटते. त्यांचे चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण माझे मत वेगळे आहे.

आधीच सांगून टाकतो. मला कारले आवडत नाही. लहानपणी आवडत नव्हते, आजही आवडत नाही. तरी दर पावसाळ्यात माझ्या घरामागे कारल्याचा वेल असतो.

आमचे घर मालेगावात. दिवसभर यंत्रमागांची खडखड ऐकू येते अशा मोहल्ल्यात. अब्बा मागावर काम करीत. घरामागे दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद एवढी मोकळी जागा होती. तिथे अम्मी थोडी भाजी लावीत. मिरच्या, पुदिना, दोन-चार टोमॅटोची झाडे आणि कुंपणाला लागून कारल्याचा वेल. हा वेल केवळ अब्बांसाठी होता. खिमा भरलेली कारली त्यांना फार आवडत. अम्मी कारली वरून खरवडीत, त्यांना मीठ चोळून ठेवीत, मग पिळून कडू पाणी काढून टाकीत. आत खिमा भरला की प्रत्येक कारल्याला दोरा गुंडाळीत, म्हणजे तळताना खिमा बाहेर येत नाही. दोऱ्याला आमच्या घरी काय तोटा! अब्बा जेवायला बसले की आधी तो दोरा हळूहळू सोडवीत. आम्ही भावंडे मात्र तोंड फिरवून डाळ-भात खात असू.

मी नववीत असताना अब्बा गेले. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि अम्मींनी रात्री वाटीभर पाण्यात कारल्याच्या बिया भिजत घातल्या. कारल्याच्या बीचे कवच टणक असते. भिजवल्याशिवाय ते लवकर उगवत नाही. मी ती वाटी पाहिली. मला काय बोलावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, "अम्मी, आता कारली कोण खाणार? त्या जागी काकडी लावा ना!"

अम्मी म्हणाल्या, "खाणारे पुष्कळ आहेत. तू बांबू घेऊन ये."

त्या वर्षी वेल मांडवभर पसरला. घरात खाणारे कोणी नाही आणि कारली रोज निघत होती. एक टोपली समोरच्या खालांकडे गेली. एक अब्बांच्या कारखान्यातल्या जुन्या कारागिराकडे गेली. दोन गल्ल्या पलीकडे एक काकू राहत. त्यांच्याकडे मी स्वतः वाडगाभर कारली पोचवली. दुसऱ्या दिवशी तो वाडगा परत आला, पण रिकामा नाही. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, ही रीत आमच्याकडे आहे, तशी त्यांच्याकडेही होती. वाडग्यात गूळ आणि चिंच घातलेली कारल्याची भाजी होती. "खाऊन बघ, कडू लागणार नाही," असा निरोपही होता. मी खाऊन पाहिली. कडू लागली. पण वाडगा येत-जात राहिला, आणि अब्बा गेल्यानंतर आमच्या दाराशी जे येणे-जाणे कमी झाले होते ते पुन्हा सुरू झाले. अम्मींनी हे आधीच ओळखले होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

न आवडणाऱ्या भाजीमुळे मला दुसरीही एक गोष्ट मिळाली. टोमॅटो जरा लाल झाला की मी तो तोडून खात असे. त्यामुळे टोमॅटोचे झाड मी नीट पाहिलेच नाही. माझे लक्ष फळावर! कारल्याची मला घाई नव्हती, म्हणून वेल पाहायला वेळ मिळाला. सुरुवातीला पिवळी फुले येतात आणि गळून पडतात. एकही कारले धरत नाही. नवशिक्या माणसाला वाटते, वेल वांझ निघाला. तसे नसते. कारल्याच्या एकाच वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. नर फुले आधी येतात. मादी फुलाच्या मागे बोटाच्या पेरापेक्षाही लहान, काटेरी कारले आधीपासूनच दिसते. मधमाशीने नर फुलातले पराग मादी फुलावर आणून टाकले, तरच ते कारले वाढते. नाही तर पिवळे पडून गळते. मधमाश्या कमी दिसल्या तर सकाळी आपण स्वतः नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवावे. हे काम मी तासन्‌तास केले आहे. काकडी, दुधी, दोडका, पडवळ, कलिंगड, खरबूज ही सगळी कारल्याचीच भावंडे. एका वेलाची ओळख झाली की सगळ्या घराण्याची होते.

आणि एक गंमत. मराठीत म्हण आहे की कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच. उर्दूतही 'एक करेला, दूजा नीम चढ़ा' असे म्हणतात. दोन्ही भाषांनी बिचाऱ्या कारल्याला बदनाम केले आहे! पण कारले तोडले नाही, वेलावरच राहू दिले, तर ते नारिंगी होते. मग एक दिवस खालून तीन पाकळ्यांसारखे उकलते. आत बियांभोवती लालभडक गर असतो, आणि तो गोड असतो. बी थुंकून टाकायचे आणि फक्त गर चोखायचा. ज्यांना कारले आवडते ते ते हिरवेच तोडून नेतात. हा गोडवा त्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

ज्या माणसाला एखादे फळ आवडत नाही, त्याला ते नीट पाहताही येत नाही असे थोडेच आहे? बाबराचे उदाहरण घ्या. 1526 मध्ये पानिपतची लढाई जिंकून तो आग्र्याला आला. इथे त्याला आपल्या मुलखातल्या द्राक्षांची आणि खरबुजांची फार आठवण येई. त्याने आग्र्याच्या बागेत ती लावून घेतली आणि ती आली तेव्हा त्याला मोठे समाधान वाटले. ही झाली आवडीची लागवड. पण त्याच्या 'बाबरनामा' या आत्मचरित्रात फणसाचेही वर्णन आहे. फणस त्याला अजिबात आवडला नव्हता. ना रूप, ना चव. त्याने फणसाची तुलना मेंढीच्या कोथळ्याशी केली आहे. तरीही ते फळ झाडाला कुठे लागते, आत कसे असते, हे त्याने बारकाईने पाहिले आणि लिहून ठेवले. मला द्राक्षांच्या हकिकतीपेक्षा ही हकिकत जास्त आवडते.

आता माझ्या मताविरुद्धचे बोलणेही ऐकायला हवे. आमच्या शाळेतले एक शिक्षकमित्र म्हणतात, "सर, जागा चार हात. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. त्यातही न खाण्याची भाजी लावायची, ही चैन झाली." त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. आपल्या कसमादे भागातले, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडचे शेतकरी डाळिंब लावतात. एखाद्याला डाळिंब आवडत नसले तरी तो ते लावतो, कारण त्यातून घरखर्च चालतो. परसबागेचे तसे नाही. तिथून पैसा येत नाही. म्हणून तिथे लावलेले कोणाच्या तरी पोटात गेलेच पाहिजे.

याबाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे. एका वर्षी मी हौसेने पडवळ लावले. कोणाला हवे आहे का, हे विचारलेच नाही. लांबच लांब पडवळे लटकू लागली. पाहुणे कौतुकाने बघत, पण घरी न्यायला कोणी तयार होईना. घरात अम्मींनी दोन वेळा भाजी केली, तिसऱ्या वेळी हात जोडले. शेवटी पडवळे गल्लीतल्या बकऱ्यांना घातली. बकऱ्या खूश झाल्या, हे खरे. पण एवढे पाणी, एवढी मेहनत आणि ती जागा मी फुकट घालवली. म्हणून आता मी आधी चार घरी विचारतो आणि मगच बी टाकतो. खाणारा कोणी नसेल तर लावू नये. पण खाणारा मीच असला पाहिजे, हे मला मान्य नाही.

पाण्याचे म्हणाल, तर कारले जूनमध्ये लावावे. पावसाळ्यात त्याला फारसे पाणी लागत नाही. उघडीप पडली तर तांदूळ-डाळ धुतलेले पाणी पुरते. जागाही थोडी लागते. तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घ्या. तळाला भोके पाडा. माती आणि शेणखत भरा. वेल वर चढतो, जमीन अडवत नाही. फळमाशीचा मात्र त्रास होतो. ती कोवळ्या कारल्यात अंडी घालते आणि आतून अळ्या फळ सडवतात. त्यावर उपाय सोपा आहे. लहान कारल्याभोवती कागदाची पिशवी बांधा आणि किडके फळ वेलाखाली पडू देऊ नका.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, "कारले औषधी असते, म्हणून सर ते लावायला सांगतात." नाही बुवा. कारले खाऊन मधुमेह बरा होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या नादी लागून डॉक्टरांची गोळी कोणी सोडू नये. माझ्या वेलाचा त्या गोष्टीशी संबंध नाही.

2019 मध्ये केंद्र सरकारने शाळांमधल्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बागेतली भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात यावी, हा त्यामागचा हेतू. आमच्या शाळेतही भिंतीलगत छोटी बाग आहे. गेल्या वर्षी काय लावायचे, हे ठरवायला मुलांनी मतदान केले. टोमॅटो पहिला आला. कारल्याला एकच मत पडले. मी मतदानाचा निकाल मानला. मात्र दाराजवळची एक कोपऱ्यातली जागा त्या एका मतासाठी मागून घेतली. थोडी कुरकुर झाली. मत कोणाचे होते, ते लवकरच कळले. आठवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत तिथे येऊ लागली. तिच्या नानींना कारले आवडते. दात नाहीत, म्हणून त्या ते मऊ शिजवून खातात. मुलीने वेलाला दोऱ्या बांधल्या, कारल्यांना कागद बांधले, दर गुरुवारी चार-पाच कारली दप्तरात घालून घरी नेली.

मागच्या आठवड्यात तिने मला कागदाची एक पुडी आणून दिली. आत अकरा बिया होत्या.

"सर, नानींनी वाळवून ठेवल्या आहेत. पुढच्या पावसाळ्यासाठी."

मी विचारले, "तू खाल्लेस का कधी कारले?"

तिने नाक मुरडले आणि जोरजोरात मान हलवून नाही म्हटले.