आपला भात बोटीने येतो

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात डब्लिन नावाचे शहर आहे. तेथे भारतीयांची वस्ती मोठी; आपली मराठी घरेही आहेत. २० जुलै २०२३ रोजी भारत सरकारने बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेतील भारतीय दुकानांत पोत्यांवर उड्या पडल्या. डब्लिनच्या आमच्या आप्तांनीही दोन पोती घरात आणून ठेवली. आपल्याकडची काही मंडळी त्यांना हसली. आम्हांला हसू आले नाही.

डब्लिनच्या उत्तरेस सॅक्रामेंटो खोऱ्यात निदान भात पिकतो, जरी २०२२ च्या दुष्काळात तेथील जवळजवळ निम्मी भातजमीन पडीक राहिली. आपल्या बेटावर ऊस पिकतो. भात बोटीने येतो. त्या वर्षी ऑगस्टअखेर भारताने मॉरिशससाठी १४,००० टनांची खास परवानगी दिली. उपकारच झाले. पण भारताला तरी दोष कसा द्यावा? तो ऑगस्ट तेथे १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. घरची मुले उपाशी ठेवून शेजाऱ्याला कोण वाढतो? बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली आणि आपण सारे विसरलो.

हवा मात्र विसरत नाही. भात फुलोऱ्यावर असताना उष्णता ३५ अंशांपलीकडे गेली की पराग निकामी होऊ लागतो, दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. रात्रीची उष्णता तर दिसतही नाही. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने स्वतःच्या शेतावरील नोंदी पाहून २००४ मध्ये दाखविले की कोरड्या हंगामात रात्रीचे तापमान एक अंशाने चढले की उत्पन्न दहा टक्क्यांनी उतरते.

१९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तांदळाची जहाजे थांबली, तेव्हा आपल्या आजी-आजोबांनी मका आणि मान्योक खाऊन दिवस काढले. आज मका म्हटले की वर्गातली निम्मी मुले कोंबड्यांचे खाद्य म्हणतात! नाचणी तर त्यांनी पाहिलेलीही नाही. कोकणात आपल्या पूर्वजांनी ती डोंगरउतारावर, भाताला लागते त्याहून पुष्कळ कमी पाण्यात पिकविली.

चतुर्थीच्या मोदकांना तांदळाची पिठी हवीच, त्याबद्दल आमचे भांडण नाही. परंतु उसाखालून सुटलेल्या जमिनीचा थोडा तुकडा मका, मान्योक, रताळी यांना मिळावा, शाळेच्या बागेत नाचणीचा एक वाफा असावा, आणि आठवड्यातून दोन रात्री पानात भाताऐवजी भाकरी पडावी, एवढे आमचे मागणे आहे. बियाणे कोठे मिळते हे कोणा वाचकाला ठाऊक असेल तर या पानाकडे जरूर लिहावे.