खंभात आणि मन्नारचा हिशेब एकत्र मांडावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय विद्युत प्राधिकरण, नवी दिल्ली



गुजरातजवळच्या खंभातच्या आखातात आणि तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात प्रत्येकी 500 मेगावॉटचे पवनऊर्जा प्रकल्प उभारण्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2024 मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केले. असे प्रकल्प दूरदूर विखुरलेले असावेत, म्हणजे एकीकडे वारा पडला तरी दुसरीकडे वीज मिळत राहते, हा युक्तिवाद तासांच्या हिशेबात खरा असला, तरी ऋतूंच्या हिशेबात तो फारसा टिकत नाही. कारण दोन्ही किनाऱ्यांवर मुख्य जोर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचाच असतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत देशाच्या बऱ्याच भागांत पावसामुळे शेतीपंपांची मागणी उतरते.

शिवाय विखुरलेपणाचा जो लाभ उरतो, तो पारेषणवाहिन्यांवर, म्हणजे वीज लांब अंतरावर नेणाऱ्या उच्चदाब तारांवर, अवलंबून असतो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एकाच वारंवारितेत, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाच्या दर सेकंदाच्या समान आवर्तनांत, बांधले गेले. अशा वाहिन्या आधीच भरलेल्या असतील, तर मन्नारचा जादा वारा बंद ठेवलेल्या पवनचक्क्यांवरून नुसताच वाहून जाईल.

याहून नाजूक प्रश्न नियंत्रणाचा आहे. 9 ऑगस्ट 2019 रोजी लंडनच्या उत्तरेस एका वाहिनीवर आकाशातील वीज कोसळली, तेव्हा हॉर्नसी या सागरी प्रकल्पाच्या विद्युतदाब-नियंत्रकांना तो धक्का सावरता आला नाही आणि क्षणार्धात 737 मेगावॉट वीज गेली. त्याच सुमारास लिटल बारफर्डचे नैसर्गिक वायूवर चालणारे वीजकेंद्रही कोलमडले, वारंवारिता 50 वरून 48.8 हर्ट्झपर्यंत घसरली आणि जाळे वाचवण्यासाठी सुमारे 11 लाख ग्राहकांचा पुरवठा आपोआप तोडला गेला. वारा पडला नव्हता, समुद्रातील केबलही तुटली नव्हती. चुकले होते ते नियंत्रकांचे जुळवणीमूल्य, आणि तेही पुढे संगणकप्रणालीत बदल करून सुधारता आले.

जाळ्याला जोडणीची तांत्रिक मानके ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडेच आहे. म्हणून दोन्ही आखातांतील अपेक्षित उत्पादन, पश्चिम व दक्षिण विभागांची मागणी आणि वाहिन्यांची शिल्लक क्षमता यांचा तासागणिक हिशेब प्राधिकरणाने एकत्र मांडून प्रसिद्ध करावा. आणि जवळची एखादी वाहिनी बंद असताना जाळे जसे दुबळे होते, तशा स्थितीत नियंत्रकांची चाचणी झाल्याशिवाय कोणत्याही सागरी प्रकल्पाला पूर्ण क्षमतेने जोडणी देऊ नये.