सुट्टीत तरी समाजमंदिराचे कुलूप काढा

मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप लागले की वेळापूरच्या वस्तीतला दिवस फार लांबतो. आई-वडील सकाळीच खुरपणीला किंवा बांधकामावर गेलेले असतात. डोक्यावरचा पत्रा तापलेला असतो. दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दारात बसते आणि तिचा भाऊ चार पोरांबरोबर पाण्याकडे पळतो. माळशिरस तालुका नीरा उजव्या कालव्यावर पोसलेला आहे. कालवा, विहीर, शेततळे यांत मुले बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आपण हळहळतो आणि पान उलटतो. ज्यांना शिबिराची फी परवडते त्यांची मुले प्रशिक्षकाच्या नजरेखाली पोहायला शिकतात, गरिबाचे पोर एकटेच पाण्यात उतरते. म्हणून सुट्टीतला विरंगुळा हा चैनीचा विषय नाही. तो आपल्या लेकरांच्या जिवाचा आणि बुद्धीचा प्रश्न आहे.

यावर खर्च किती येतो? जवळजवळ काहीच नाही. जागा आपल्याकडे आहे. गावोगावी समाजमंदिरे आणि विहारे उभी राहिली, पण जयंती, बुद्धपौर्णिमा आणि लग्नकार्य सोडले तर बहुतेकांना कुलूपच असते. किल्ली कोणाकडे यावरून आपले दोन गट भांडतात आणि मुले उन्हात भटकतात. चौदा एप्रिलला डीजेवर जो पैसा एका रात्रीत उडतो, त्याच्या दहाव्या हिश्शात एक पेटीभर गोष्टींची पुस्तके, दोन कॅरम, बुद्धिबळाचे चार पट आणि खडूचे डबे येतात. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा एवढा वेळ कुलूप काढावे. कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींनी पाळीपाळीने बसावे. धाकटी भावंडेही तिथेच येऊ द्यावीत, म्हणजे त्या दारात बसलेल्या मुलीलाही खेळता येईल. तिला वगळून चालवलेले शिबिर आपले नव्हे.

बाकीच्या खेळांना तर पैसाच लागत नाही. लगोरीला फरशीचे तुकडे आणि चिंध्यांचा चेंडू पुरतो. विटी-दांडू बाभळीच्या काटकीतून होतो. आट्यापाट्या आणि खो-खोला राखेच्या रेघा पुरतात. सागरगोटे, चिंचोके, काड्यापेटीचा टेलिफोन हे सारे घरातलेच. गावच्या अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन देवळात मुलांना न्यावे. नवस करायला नव्हे, तर तिथले शिलालेख आणि कोरीव दगड दाखवायला. हा दगड कोणी घडवला आणि त्या घडवणाऱ्याचे नाव कुठे आहे, असे त्यांना विचारावे. इतिहासाचा पहिला धडा तिथेच होतो.

आणखी एक प्रयोग सांगतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या भागात सूर्य एके दिवशी बरोबर डोक्यावर येतो. अंगणात एक सरळ काठी उभी रोवा. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली रोज दोन-चार मिनिटेच पाहा आणि टोकाला खडा ठेवा. सावली दिवसेंदिवस आखडत जाते आणि एके दिवशी पार नाहीशी होते. पृथ्वी कललेली का, हे पोरांना मग पुस्तकातून घोकावे लागत नाही. त्याच दिवशी त्यांना हेही सांगावे की पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या सावलीचासुद्धा विटाळ मानला जाई. सूर्य मात्र जात विचारत नाही, पाटलाची आणि मजुराची सावली तो एकाच क्षणी पुसतो. राज्यघटनेच्या कलम 51-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते कर्तव्य एका काठीने सुरू होते.

मुंबईत शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत असे. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची त्याच्यावर नजर गेली. पुढे 1907 साली तो मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. फुकटात बसायला मिळालेली एक जागा, भेट मिळालेले एक पुस्तक आणि आस्थेने चौकशी करणारा एक मोठा माणूस, एवढेच ते भांडवल होते. आपल्या वस्तीतल्या किती पोरांना या तीनपैकी एक तरी गोष्ट मिळते?

एक वकील म्हणून हक्काचेही बोलले पाहिजे. खेळ आणि विश्रांती हा मुलांचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे कलम 31 सांगते आणि भारताने ती 1992 साली स्वीकारली आहे. शाळेला क्रीडांगण आणि ग्रंथालय असलेच पाहिजे, असे शिक्षणहक्क कायदा, 2009 सांगतो. मग मुख्याध्यापकांना अर्ज देऊन सुट्टीत मैदान आणि पुस्तकांचे कपाट का मागू नये? ग्रामपंचायतीने उत्पन्नातील 15 टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी, असा नियम आहे. ती कशावर खर्च झाली हे ग्रामसभेत उभे राहून विचारा, माहितीच्या अधिकारात लेखी मागा आणि मुलांच्या पुस्तकांचा व खेळांच्या साहित्याचा ठराव मांडा. आषाढात पालखीचा मुक्काम येतो तेव्हा हेच गाव हजारो माणसांची सोय लावते. त्याला पन्नास मुलांची सोय जड नाही.

पण आधी आपण आपले कुलूप काढले पाहिजे. सरकारकडे बोट दाखवणाऱ्या हातात समाजमंदिराची किल्ली असेल, तर तो हात आधी खिशात घालावा. येत्या रविवारी वस्तीची बैठक घ्या, किल्ली कोणाकडे राहील ते ठरवा आणि सोमवारी सकाळी आठला दार उघडा.