बुडबुड्यांची खतावणी

आपल्या भाषेने बुडबुड्याला कधी मान दिला नाही. क्षणभंगुर म्हटले की त्याचेच नाव पुढे. बँकेत होतो तेव्हा फुगवलेल्या धंद्याला आम्हीही हाच शब्द लावत असू, आणि कर्जाचा अर्ज बाजूला ठेवत असू. निवृत्तीनंतर या बिचाऱ्याची दुसरी बाजू मला कळली ती माझ्या भाचीमुळे. ती रसायन अभियंता आहे. ढवळत्या टाक्यांमधले बुडबुडे कसे वागतात याचे चित्र संगणकावर मांडणे, हा तिचा पोटापाण्याचा उद्योग.

‘‘याचा पगार कोण देतो गं?’’ माझ्यातल्या बँकवाल्याने लगेच विचारले. उत्तर पेनिसिलिनच्या इतिहासात आहे.

फ्लेमिंग यांना बुरशीचा गुण दिसला १९२८ साली. तिच्यातून औषध काढले ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. पण ते किती? १९४१ च्या फेब्रुवारीत एका पोलीस शिपायाला ते टोचले. तो सुधारू लागला आणि साठा संपत आला. त्याच्याच लघवीतून औषध परत काढून पुन्हा टोचले, तेही संपले, आणि मार्चमध्ये तो गेला. बुरशीला हवा लागते, म्हणून ती उथळ भांड्यांत वाढवत होते. रुग्णालयातली बेडपॅनसुद्धा त्यासाठी वापरली गेली. खोल टाकीत वाढवायची तर हवा तळापर्यंत न्यायला हवी. अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका जुन्या बर्फ कारखान्यात फायझरने तशा टाक्या बसवल्या आणि मार्च १९४४ मध्ये त्या सुरू झाल्या. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती अशाच टाक्यांच्या भरवशावर.

अडचण अशी की पाणी प्राणवायू घेताना फार हात आखडते. तीस अंश तापमानाला लिटरभर पाण्यात हवेतला प्राणवायू विरघळतो तो जेमतेम ७-८ मिलिग्रॅम, आणि दाट वाढलेली बुरशी तेवढा मिनिटाभरातही फस्त करते. म्हणजे पुरवठा अखंड हवा, आणि तो होणार फक्त बुडबुड्याच्या कातडीतून. लिटरभर हवेचा एकच गोळा केला तर त्याचे अंग भरते ४८० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तीच हवा ३ मिलिमीटरच्या बुडबुड्यांत मोडली तर सुमारे ७० हजार बुडबुडे होतात आणि त्यांचे अंग मिळून २ चौरस मीटर! मोठ्या नोटेने भाजीबाजार होत नाही, सुट्टे लागतात, तसेच हे.

सुट्टे करून देतो तो टाकीतला पंखा. चकतीला सहा उभी पाती, असा रश्टन यांच्या नावाचा पंखा त्यात जुना आणि नामांकित. त्याच्याखाली भोके पाडलेल्या कडीतून हवा सोडतात. ती पात्यांच्या पाठीमागे गोळा होते आणि तिथून तुटून बाहेर पडते. मात्र हवा अति झाली की पंखा हवेतच गरगरू लागतो आणि मोठाले बुडबुडे सरळ वर निघून जातात. गंमत म्हणजे अशा वेळी पंखा वीज कमी खातो. हिशेबनीसाला वाटते बचत झाली, आणि खाली बुरशी गुदमरत असते.

दहीवड्याच्या फेटलेल्या पिठाचा थेंब पाण्यावर तरंगला की सुगरण ओळखते, हवा पुरेशी शिरली. पोलादी टाकीत अशी परीक्षा नाही. शिवाय लहान भांड्यात काही सेकंदांत सगळे एकजीव होते. लाख लिटरच्या टाकीत त्याला मिनिट किंवा त्याहून जास्त लागू शकते, आणि तेवढ्यात एखादा कोपरा उपाशी राहतो. तो कोपरा कुठला, हे लोखंड कापण्याआधी कळावे म्हणून संगणक.

भाचीने मला पडद्यावर टाकी दाखवली, लाखो बारीक कप्प्यांत विभागलेली. प्रत्येक कप्प्यात क्षणाक्षणाला किती द्रव आला, किती गेला, किती वेगाने, याची नोंद. बुडबुड्यांचे पान वेगळे. अमुक आकाराचे आरंभी किती, शेजारून आले किती, मोठे फुटून जमा झाले किती, एकमेकांत मिसळून खर्ची पडले किती, अखेरची शिल्लक किती. ‘‘अगं, ही तर खतावणी!’’ मी म्हणालो.

आणि खतावणी म्हटल्यावर माझा जुना संशय जागा झाला. तेरीज जुळली म्हणून तिजोरीतली रोकड बरोबर असते असे नाही. ती मोजावी लागते. इथेही बेरजा चोख जुळतात. पण बुडबुडा कधी फुटावा आणि दोन बुडबुडे कधी एक व्हावेत याचे नियम बाहेरून, प्रयोगांवर बेतलेल्या सूत्रांतून आणावे लागतात. सूत्र बदला, शिल्लक बदलते. पाण्यात मीठ विरघळले असेल तर बुडबुडे सहजी एकमेकांत मिसळत नाहीत. फेस मारायला चार थेंब तेल टाकले तर भराभर मिसळतात. बुरशीने द्रव खळीसारखा दाट झाला की आणखी निराळे. हे कोणी सांगितल्याशिवाय संगणकाला ठाऊक नसते. पडद्यावरचे लाल-निळे चित्र मात्र दोन्ही वेळा तितकेच देखणे येते, आणि बैठकीतले साहेब लोक देखण्या चित्रापुढे प्रश्न विचारत नाहीत, हा माझा अनुभव.

माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे पूर्वीच्या यूडीसीटीत, प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे यांनी या विषयात नाव मिळवले ते गणित आणि मोजमाप दोन्ही हातांत धरून. स्वस्त चिनी मालापुढे आपल्याकडे पेनिसिलिन-जीचे उत्पादन बंद पडले होते. २०२४ साली काकिनाड्याला नवा कारखाना उभा राहिला. अशा टाक्या आता पुन्हा लागणार आहेत, म्हणून हे सांगतो.

भाचीच्या कंपनीत संगणकाच्या परवान्याचे पैसे एका सहीत मंजूर झाले. तिने मागितली आहे काचेची एक टाकी आणि सुईएवढी एक शलाका. टोकाला आपटेल तेवढाच बुडबुडा ती मोजते, बाकीचे निसटतात. पण जो मोजते तो खरा असतो. तो अर्ज अजून वरच्या टेबलावर आहे.