पाच लाखांचे कवच आणि महिन्याच्या गोळ्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री आणि मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



पत्र एक आणि मंत्री दोन, याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझा इलाज नाही. यवतमाळ जिल्ह्यातला लकव्याचा रुग्ण गावाच्या उपकेंद्रापाशी असतो तोवर एका खात्याचा असतो, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात पोहोचला की दुसऱ्या खात्याचा होतो, आणि सुट्टी होऊन घरी आला की कोणाचाच राहत नाही. हे पत्र घरी आलेल्या माणसाबद्दल आहे. एक झटका त्याने सोसलेला असतो. दुसरा येऊ नये यासाठी आपण काय करता, एवढेच मला विचारायचे आहे.

मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या आतून चरबीच्या थराने अरुंद होतात, हे आपल्या सचिवालयातल्या डॉक्टरांनी आपल्याला सांगितलेच असेल. कवटीच्या आतल्या धमन्यांचा हा आजार गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत जास्त आढळतो. पहिला झटका पुष्कळदा हलकाच असतो. हात जड पडतो, जीभ अडखळते, तासाभरात सगळे ठीक होते आणि माणूस पुन्हा वावरात जातो. धोका असतो तो त्यानंतरच्या काही आठवड्यांत. धमनी सत्तर टक्क्यांहून अधिक बंद असेल तर फारच.

आता आपल्याकडून नेहमी येणारे उत्तर मला ठाऊक आहे: हे मोठ्या शहरातले उपचार, तज्ज्ञ लागतात, यंत्रे लागतात. साहेब, याच प्रश्नावर अमेरिकेत 451 रुग्णांचा मोठा अभ्यास झाला आणि 2011 साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या मेंदूतल्या धमनीत स्टेंट घातला आणि गोळ्याही दिल्या, बाकीच्यांना फक्त गोळ्या आणि काटेकोर देखरेख. तीस दिवसांत पुन्हा झटका किंवा मृत्यू, हे प्रमाण स्टेंटवाल्यांत 14.7 टक्के निघाले आणि गोळ्यावाल्यांत 5.8 टक्के. नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवावे लागले. 2022 मध्ये चीनमधल्या अभ्यासातही स्टेंटचा जादा फायदा दिसला नाही. 2024 मध्ये चीनमध्येच, सरावलेल्या हातांनी फुग्याने धमनी हळूच रुंद केली तर निवडक रुग्णांना लाभ होतो असे पुढे आले. ती वाट उद्या रुंदावेलही. पण फुगा घातलेला रुग्णही त्याच गोळ्या घेत होता.

आणि त्या गोळ्या तरी कोणत्या? ॲस्पिरिन, पहिले तीन महिने जोडीला क्लोपिडोग्रेल, चरबीसाठी ॲटोरव्हास्टॅटिनसारखी गोळी, बीपीच्या एक-दोन. वरचे बीपी 140 च्या खाली, एलडीएल 70 च्या खाली, तंबाखू बंद. यातली ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोरव्हास्टॅटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. म्हणजे ज्या आजारात जगातल्या उत्तमोत्तम रुग्णालयांनी शेवटी साध्या गोळ्यांवर भिस्त ठेवली, त्या आजारात आमचा जिल्हा मागास असण्याचे कारण यंत्र नाही, हे आपण मान्य कराल का?

माझे थोरले भाऊ दारव्हा तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. एका सकाळी त्यांना सदऱ्याची बटणे लावता येईनात. पाऊण तासात हात सुधारला. नागपूरला नेले, एमआर अँजिओग्राफी झाली, डाव्या बाजूची धमनी अरुंद निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावले की एकही दिवस खाडा नको. पुढे औषध जवळच्या सरकारी दवाखान्यातून घ्यायचे ठरले, कारण ते फुकट मिळते असे आपणच जाहीर केले होते. तिथे बीपीची गोळी मिळाली, तीही आठवडाभराची. चरबीची नव्हती. क्लोपिडोग्रेलचे नाव काढल्यावर एक कोरा चिठोरा पुढे आला. त्यावर औषधाचे नाव होते. शिक्का नाही, सही नाही, दवाखान्याचे नाव नाही. बाहेरून लिहून द्यायला मनाई आहे, म्हणून हा कागद असा निनावी असतो. हा चिठोरा आपल्याला माहीत नाही, असे मी क्षणभरही मानत नाही.

कापूस घरात येण्याआधीचे दिवस आपण जाणता. मेडिकलवाला कात्रीने पाकीट कापून पाच गोळ्या देतो, पाचांचेच पैसे घेतो. वहिनींनी त्या एक दिवसाआड पुरवल्या. दिवाळीनंतर उजवी बाजू गेली. दुसऱ्या झटक्यात गेलेला हात अजून आलेला नाही, बोलणे निम्मे कळते. गोळ्या अखंड मिळाल्या असत्या तर हे नक्की टळले असते, असे कोणताही प्रामाणिक डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही आणि मीही म्हणत नाही. पण ते टाळण्याचा जो मार्ग होता, तो बंद कोणी ठेवला, हे विचारण्याचा हक्क मला आहे की नाही?

यावर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे नाव निघेल. 2023 मध्ये आपल्या सरकारने तिचे कवच दीड लाखावरून पाच लाखांवर नेले, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू केली. चांगलेच केले. पण ही योजना मुख्यतः भरती होणाऱ्यासाठी आहे. माणूस कोसळला, खाटेवर आला, की त्याच्यामागे सरकार लाखांनी उभे राहणार. आणि तो कोसळू नये म्हणून महिन्याला लागणाऱ्या गोळ्यांसाठी त्याने पाकीट कापून घ्यायचे? हा हिशेब कोणत्या अर्थतज्ज्ञाने मांडला?

त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत झाल्याची घोषणा झाली. निर्णय होता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता. आमचे यवतमाळचे मोठे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे. ही सीमारेषा उमरखेड किंवा झरी-जामणीहून एसटीने आलेल्या माणसाला कोणी समजावून सांगायची? आपण दोघे एकाच मंत्रिमंडळात बसता. एकदा चहाच्या वेळेत तरी हे ठरवून टाका.

17 मे 2023 रोजी केंद्र सरकारने सांगितले की बीपी आणि शुगरच्या साडेसात कोटी रुग्णांना 2025 पर्यंत प्रमाणित उपचाराखाली आणू. ती मुदत सरली. देशाचे आकडे मोठे आहेत, ते पत्रकात येतात. मला यवतमाळचा आकडा हवा आहे, आणि तोही नोंदणीचा नको. सोळा तालुक्यांत जेवढ्यांची नावे नोंदली, त्यांतल्या किती जणांचे बीपी गेल्या तीन महिन्यांत 140/90 च्या खाली आहे? किती जणांना सलग महिनाभराचे औषध एकदम मिळाले? किती जण मध्येच गळाले? हे मोजता येते. बीपी नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम 2017 मध्ये सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत नदीपलीकडचा वर्धा जिल्हा होता, आणि हेच मोजणे हा त्या उपक्रमाचा गाभा होता. नदी ओलांडायला आपल्याला किती वर्षे लागतात?

वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक, असे दोन मुख्यमंत्री देणारा हा जिल्हा. वसंतरावांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे 1989 पासून आहे. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात अतिविशेषोपचारासाठी त्याची निवड झाली. प्रकल्प दीडशे कोटींचा, 120 केंद्राचे, 30 राज्याचे. इमारतीबद्दल बोलून झाले. मेंदूविकारतज्ज्ञांची पदे मंजूर किती, आज भरलेली किती, बाह्यरुग्ण तपासणी आठवड्यातून किती दिवस, हे आपण जाहीर कराल का? नागपूर इथून दीडशे किलोमीटर आहे आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही ते परवडत नाही.

खर्ऱ्याबद्दल थोडक्यात. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. पण पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून खर्रा दिवसभर घोटला जातो, शाळेच्या फाटकासमोरही. तंबाखू सोडवणे हा लकव्याच्या उपचाराचाच भाग. ते काम एकट्या आशाताईच्या माथी मारून आपण मोकळे झालात काय?

मला अनुदान नको, चौकशी समिती तर नकोच. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एलडीएलची तपासणी व्हावी. लकवा येऊन गेलेल्या प्रत्येकाची नोंद गावाच्या उपकेंद्रात असावी, आणि त्याच्या गोळ्या किमान महिनाभराच्या तिथेच मिळाव्यात, मग मेडिकलमधून सुट्टी कोणत्या का खात्याने दिलेली असेना. साठा संपला तर ते फलकावर लिहावे, निनावी चिठोऱ्यावर नको. आणि वर विचारलेले यवतमाळचे आकडे दर तीन महिन्यांनी छापावेत.

उत्तराची वाट पाहतो. फक्त एक विनंती: हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा मारून खाली पाठवू नये. तसे केल्यास ते फिरत फिरत त्याच दवाखान्यात येईल आणि तिथल्या फार्मासिस्टला खुलासा मागितला जाईल. त्याच्याकडे गोळ्या नाहीत, हे तो मला आधीच सांगून चुकला आहे.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक नागरिक